पिसांचं जाकीट आणि माझी सोयरीक

माझे वडील भैयाजी यांनी आयुष्यात दोनच गोष्टी नीट पारखून घेतल्या. एक बैल, दुसरं ते जाकीट. बाकी बायको, शेजारी, देव, सरकार जसं समोर आलं तसं घेतलं. मी त्यांची एकुलती एक लेक, सुगंधा. मला पारखण्याचा प्रश्नच नव्हता. मी घ्यायची वस्तू नव्हते, द्यायची होते.

गोष्ट आहे देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आमचं गाव वडशापासून बैलगाडीच्या रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे. धान कापून खळ्यात आलं की आमच्या झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्रभर उघड्यावर नाटक. गावोगावचे पाहुणे येतात, घरोघरी पंगती उठतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात सोयरिकीची बोलणी चालतात. पोरगा दिसतो, पोरगी दिसते, बैल दिसतात, पाहुण्यांची ऐपत दिसते. एका खर्चात सगळं पाहून होतं म्हणून आमच्याकडची निम्मी लग्नं मंडईतच जुळत.

भैयाजी नाटक मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षाला पहिल्या रांगेत खुर्ची. बाकीचं गाव खाली तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, एकमेकांना चिकटून, घोंगड्यात गुरफटून ऊबदार बसायचं, आणि मानाचा माणूस खुर्चीवर एकटा, चहूकडून वारा खात. मान थंड असतो हे मी लहानपणीच पाहिलं. तरी वडील इतकी वर्षं घोंगडं पांघरून निभावून नेत होते. पण आदल्या साली ब्रह्मपुरीकडचे एक पाहुणे लोकरी कोट घालून शेजारच्या खुर्चीवर बसले आणि कोणीतरी त्यांनाच अध्यक्ष समजून नारळ दिला. वडिलांना त्यांचा गडी समजून म्हटलं, "बाजूले सरक गा."

तो घाव खोल गेला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत अंगावर काहीतरी दिसण्यासारखं हवं, हे त्यांनी उन्हाळ्यातच ठरवून टाकलं. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस दुसरं काही ठरवूही शकत नाही, पण वडील घाम पुसत थंडीच्या कपड्यांवर बोलायचे.

आधी ते गेले गुलाम रसूल पिंजाऱ्याकडे. गुलाम रसूलनं आमच्या घरच्या सगळ्या गाद्या भरलेल्या. त्यानं रुई भरलेली बंडी शिवून दिली, छान टाके घातलेली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी दाबली, उलटी केली, काखेतली शिवण ओढली.

"दव पडल्यावर काय होते?" त्यांनी विचारलं.

"जड होते, भैयाजी भाऊ," गुलाम रसूल म्हणाला. "रुईच आहे ती. पानी पिनारच ना."

"म्हंजे पहाटे मी अध्यक्ष का हमाल?"

गुलाम रसूल हसला. "मंग वडशाले बशीरकडे जा. लढाईतला माल आहे त्याच्याकडे. पन घातल्यावर मले येऊन दाखवजा."

बशीरचं दुकान म्हणजे वडशाच्या बाजारात टाकलेली एक ताडपत्री. लढाई संपल्यावर पलटणींचा उरलासुरला माल लिलावात निघाला होता. त्यातले बूट, घोंगड्या, डबे, पट्टे तो कामठीहून उचलून आणायचा. तिथंच वडिलांना ते जाकीट दिसलं. हिरवट रंगाचं, आडव्या शिवणींनी कप्पे पाडलेलं, उचललं तर हातात काही नाही असं वाटणारं.

"आत काय भरलं आहे?" वडिलांनी विचारलं.

"बदकाची पिसं. इमानातले गोरे घालत, वर जाताना."

"बदकाच्या कुठचे?"

बशीरला आजवर कुणी हा प्रश्न केला नव्हता. तरी तो हार मानणारा नव्हता. "पोटाखालचे, भाऊ. पाठीवरचे टोचतात. पोटाखालचे नरम. बदक दिवसभर पान्यात बसते, त्याले थंडी वाजते का?"

"मंग हे भिजलं तर चालते?"

"नाई," बशीर खरं बोलला. "भिजलं का गोळा होते. बदकाचं तेल बदकासंगच गेलं."

मी आणि माय जवळच उभ्या होतो, बांगड्या घ्यायच्या म्हणून आलेल्या. बांगड्यांची दुकानं उठायला लागली तरी वडील जाकिटाशी बोलतच होते. त्यांनी एक टाका उसवून पीस बाहेर काढलं, फुंकर मारून पाहिलं, ते किती वेळ तरंगतं ते पाहिलं. गुंड्या ओढल्या. कॉलर कानापर्यंत येते का पाहिलं. मग बशीरला म्हणाले, "जाकडावर देतोस का? पसंत पडलं तर ठेवतो, नाई तर परत." बैलही ते असेच चार दिवस नांगराला जुंपून पाहायचे आणि मगच घ्यायचे.

पुढचे दिवस आमच्या घरी जाकिटाची परीक्षा चालली. एका पहाटे ते जाकीट घालून खळ्यात बसायचे, दुसऱ्या पहाटे गुलाम रसूलची बंडी, तिसऱ्या पहाटे कोणाचा तरी मागून आणलेला लोकरी कोट. जागा तीच, चिलीम तीच, नदीकडचा वारा तोच. माय आणि मी झोपेतून उठून जायचो आणि त्यांचे हात चाचपून सांगायचो, कालच्यापेक्षा गार का गरम. आमचे हात गार पडायचे, पण तो परीक्षेचा भाग नव्हता. एकदा त्यांनी जाकीट पितळी लोट्यात कोंबलं. सगळंच्या सगळं मावलं. मग बाहेर काढून पाटावर ठेवलं आणि ते फुगून परत पहिल्यासारखं होतं का, हे पाहत बसले.

आणि नेमकं तेव्हा, जाकीट अर्धं फुगलेलं असताना, देवाजीकाका माझ्यासाठी स्थळ घेऊन आले.

"पोरगा नदीपलीकडचा," देवाजीकाका म्हणाले. "कवडू नाव. बाप मुखरू पाटील. यंदाच्या पटात त्याची जोडी धावनार आहे."

"शेती?"

"भरपूर. धानाची."

"बरं," वडील म्हणाले. नजर पाटावरच. "पाह्य बरं देवाजी, हा कोपरा फुगून नाई राह्यला का?"

दोघं मिळून कोपरा पाहू लागले. माझ्या स्थळाची चौकशी तिथंच संपली. मी स्वयंपाकघराच्या दारातून मायला म्हटलं, "बदकाचं पीस कोनत्या अंगाचं ते इचारलं. पोरगा कसा आहे ते नाई इचारलं." माय म्हणाली, "मंडईत दिसनच ना तो तुले." माझी माय नीलाबाई साधी बाई होती. तिला लग्नाआधी माझे वडील दिसलेही नव्हते, त्यामुळे मला दिसणार याचंच तिला कौतुक.

दिसला. शंकरपटाच्या दिवशी आम्ही बाया तलावाच्या पाळीवर बसलो होतो. कवडू दिसायला चांगला होता, उगीच कशाला खोटं बोलू? फेटा झोकात, मिशी कोरलेली. त्याची जोडी सुटली तेव्हा माझ्याही छातीत धडधडलं. पण डावा बैल मध्येच लचकला आणि जोडी हरली. लोक हसले. कवडूही हसला. मला ते बरं वाटलं. हरून हसणारा माणूस वाईट नसणार, असं मी मनात म्हणून घेतलं.

थोड्या वेळानं मी पाणी आणायला पाळीच्या मागं उतरले. मोहाच्या झाडाला तो बैल बांधलेला होता. कवडूच्या हातात टोकाला टोकदार लोखंडी आर बसवलेली काठी होती. तो सोबत्यांशी नाटकातल्या बायांच्या गोष्टी करत होता आणि बोलता बोलता आर बैलाच्या मांडीत खुपसत होता. एकदा, मग थोडं थांबून परत. बैल बांधलेला, जाणार कुठं? मांडीवरून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला होता. रागात मारलं असतं तर मी समजले असते. रागानं मारणारी माणसं मी घरोघरी पाहिली होती. हा हसत होता. मी घागर तशीच रिकामी घेऊन परत आले.

त्या संध्याकाळी वडील नाटकाला निघायच्या तयारीत होते. जाकीट पसंत पडलं होतं, बशीरचे पैसे चुकते झाले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. झाड, आर, रक्त, हसणं. आयुष्यात इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैल त्याचा आहे. आपन काऊन बोलावं?"

"उद्या मीबी त्याचीच होईन ना जी, बाबा?"

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लागलं मनाला. मग हनुवटी वर करून म्हणाले, "वरची गुंडी बसून नाई राह्यली. पाह्य बरं जरा."

मी गुंडी लावली. दुसरं काय करणार होते?

रात्री नाटक झालं. मुखरू पाटील, म्हणजे माझे होणारे सासरे, वडिलांच्या शेजारच्या मानाच्या खुर्चीवर होते, अंगावर साधी शाल. लोक सांगतात, राजाराणीची ताटातूट चालली होती तेव्हा त्यांचे दात इतके वाजत होते की मागच्या रांगेला संवाद ऐकू येईनात. वडील मात्र शेजारी ऐटीत, कानापर्यंत कॉलर. मध्ये एकदा त्यांनी इवायाला, म्हणजे होणाऱ्या व्याह्याला, जाकिटाची बाही चाचपून पाहू दिली. तेवढी एक चूक त्यांनी केली.

सकाळी आमच्या अंगणात सुपारी फोडायची होती. सुपारी फुटली की बोल पक्का, मग माघार नाही. बसायला बांबूच्या तट्ट्या टाकलेल्या, गावातली चार जाणती माणसं, शाळेचे गुरुजी, देवाजीकाका, पलीकडच्या गावचे पाहुणे. कवडू फेटा बांधून बसलेला. मी आत, दाराआड, नवं लुगडं नेसून. रडून झालं होतं. माय म्हणत होती, सगळ्यांचंच असं असते बाई.

बोलणी चालली. लग्नात नवरदेवाच्या मानाचं काय काय, ते मुखरू पाटील सांगत गेले. गाय? वडील म्हणाले, देतो. पितळेची भांडी? देतो. वऱ्हाडाला दोन वेळचं जेवण? देतो. वडिलांच्या तोंडून देतो असं निघत होतं की जणू देणं हीच त्यांची हौस. मी दाराआडून एकेक 'देतो' मोजत होते.

मग मुखरू पाटील उठले. वडिलांना म्हणाले, "इवाई, एक मानाची गोष्ट आहे. इथी सांगनं बरं नाई. आत चला."

दोघं ओसरीत आले, दाराच्या अगदी लगत. फळीच्या पलीकडं मी आणि माय.

"पोराले नाई, मले पाह्यजे," मुखरू पाटील हळूच म्हणाले. "हे जाकीट. रातभर मेलो ना जी मी थंडीनं. इवायाचा मान समजा."

मी फटीतून पाहिलं. वडिलांचा हात आपोआप छातीवर गेला होता.

"दुसरं मागा," ते म्हणाले.

"दुसरं काय मागू? सगळं तं तुमी देऊन राह्यले."

"गाईसंग गोऱ्हा देतो."

"गोऱ्हा काय अंगावर घेऊ? जाकीट द्या अन् सुपारी फोडा."

"नाई."

मुखरू पाटील हसले. "अजी, पोरगी देऊन राह्यले तुमी. जाकिटाचं काय घेऊन बसले?"

"पोरगी देतो ना जी," वडील म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात. "पोरगी देतो. जाकीट नाई."

मायनं माझा हात धरला. घट्ट धरला. मला वाटतं, तिलाही ते तसं शब्दांत ऐकायचं नव्हतं.

मुखरू पाटलांचं डोकं फिरलं. "मंग ठेवा तुमची पोरगी," म्हणाले, "अन् ठेवा ते." आणि ताडताड अंगणात गेले. वडील मागोमाग. आता त्यांचाही पारा चढला होता. अंगणातल्या माणसांना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की इवाई काहीतरी मागायला आत गेले आणि भैयाजी लाल होऊन बाहेर आले.

"नाई म्हंजे नाई!" वडील ओरडले. "मागनाऱ्याचं पोट भरत नसते! आज हे मागसान, उद्या आनखी काही मागसान! नाई फोडत मी सुपारी!"

मग शाळेचे गुरुजी उभे राहिले. गुरुजी भला माणूस, हुंड्याच्या विरोधात दरवर्षी बोलायचे आणि दरवर्षी कुणी ऐकायचं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "भैयाजी," ते म्हणाले, "असा बाप या जिल्ह्यात दुसरा नाही!" त्यांनी टाळी वाजवली. देवाजीकाकांनीही वाजवली, गुरुजींनी वाजवली म्हणून. मुखरू पाटलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते तरी काय सांगणार होते? दुसऱ्याच्या अंगावरचं वापरलेलं जाकीट मागितलं, असं चारचौघांत कोण बोलेल? पाहुण्यांनी बैल जुंपले आणि सुपारी न फोडता गेले.

मी आतल्या खोलीत बसून हसले. खरं सांगते, आधी हसलेच. सुटले म्हणून इतका आनंद झाला की लुगड्याचा बोळा तोंडात घालावा लागला. हसता हसता रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. मायला वाटलं, सोयरीक मोडल्याचं दुःख. तिनं मला गूळ दिला.

त्यानंतर वडिलांचं नाव झालं. गुरुजींनी ही गोष्ट गावोगाव नेली. मागणाऱ्या सोयऱ्याला दारातून परत लावणारा बाप! जवळच्या एका गावच्या मंडईत त्यांना मुद्दाम बोलावून व्यासपीठावर बसवलं. मीही गेले होते, बायांच्या बाजूला. जाकिटावर झेंडूचा हार. वडिलांना बोलायचा सराव नव्हता, पण गुरुजींनी चार वाक्यं शिकवली होती. "पोरगी म्हंजे वस्तू नाई," ते म्हणाले. "पोरगी देनं-घेनं हा बाजार बंद कराले पाह्यजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "कोनाची लेक असन ती, मोठ्या नशिबाची." मी म्हटलं, "हो जी."

दुसऱ्या दिवशी वडील अंगणात उन्हाला बसले होते. माय नदीवर गेलेली. मी जाऊन समोर बसले.

"बाबा, एक इचारू?"

"इचार ना."

"मुखरू पाटलानं जाकीट मागतलं नसतं तं?"

मला वाटलं, ते चिडतील किंवा गुरुजींचं वाक्य म्हणतील. पण घरात ते खोटं बोलत नसत. हा त्यांचा चांगला गुण. त्यांनी जरा विचार केला आणि सरळ म्हणाले, "तं सुपारी फुटली असती. लगीन झालं असतं. पोरगा बरा होता."

"अन् तो बैल?"

"कोनता बैल?"

ते खरंच विसरले होते. माझ्याकडे बघत होते, आठवायचा प्रयत्न करत, आणि त्यांना काहीच आठवत नव्हतं. बशीरनं बदकाबद्दल सांगितलेला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. तेव्हा मला जेवढा राग आला तेवढा कवडूचाही आला नव्हता. आणि त्या रागात मला एकदम फार शांत वाटलं.

"बाबा," मी म्हटलं, "आता पुढचा पोरगा मी पाहीन. मीच बोलीन त्याच्यासंग, मीच हो म्हनीन नाई तं नाई म्हनीन."

"वेडी झाली का? असं कुठी असते?"

"नाई तं मी गुरुजीले सांगीन, ओसरीत काय बोलनं झालं ते. मी अन् माय दाराआडच होतो."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. कुठं उसवेल, कुठं टिकेल, ते पारखून घेतल्यासारखं. मग त्यांनी चिलीम खाली ठेवली.

"पाह्य बापा, तूच पाह्य," ते म्हणाले. "पन गावात आवाज नको करू."

मी आवाज केला नाही. दोन पोरांना नाही म्हटलं आणि तिसऱ्याला हो, आणि प्रत्येक वेळी वडील अंगणात बसून पाहुण्यांना सांगत, "मी पोरीच्या मर्जीच्या आड येत नसतो जी." पाहुणे थक्क व्हायचे. आमच्या भागात आजही म्हणतात, लेकीला स्वतःचा नवरा निवडू देणारा पहिला बाप म्हणजे भैयाजी. माझ्या पोरीही तसंच समजतात आणि आजोबांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतात. मी त्यांना काही सांगत नाही. सौदा झाला होता, आणि मी तो पाळते.